ट्यूब बदलण्याआधी काय काय पाहावे

औद्योगिक एक्स-रे यंत्र बंद पडले की कारखान्यातून येणाऱ्या फोनवर बिघाडाचे वर्णन क्वचितच मिळते. मिळते ते थेट निदान. ‘ट्यूब (क्ष-किरण निर्माण करणारी निर्वात नळी) गेली आहे, नव्या ट्यूबचे कोटेशन पाठवा’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावरचे माझे उत्तर आता ठरून गेले आहे. कोटेशन पाठवतो, पण त्याआधी लॉगबुकची मागच्या महिन्याची पाने आणि पडद्यावर आलेल्या संदेशांचे फोटो मला पाठवा, असे मी सांगतो. ट्यूबवर पहिला संशय जावा, हे तसे समजण्यासारखे आहे. यंत्रातली ती सर्वांत महाग वस्तू, बहुधा परदेशातून मागवावी लागणारी आणि आत डोकावून पाहता न येणारी. परंतु माझ्या मते तपासात तिचा क्रम शेवटचा असला पाहिजे, आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी केबल, प्लग, पाणी, दरवाजा आणि वीजपुरवठा यांची चौकशी पूर्ण झालेली असली पाहिजे.

मी ज्या यंत्रांविषयी लिहितो आहे ती चाकण आणि भोसरीच्या पट्ट्यात, तसेच कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत कास्टिंग तपासण्यासाठी वापरली जाणारी, शिशाचे आवरण असलेल्या कॅबिनेटमधली यंत्रे आहेत. त्यांतली बरीचशी १६० किंवा २२५ किलोव्होल्टची असतात. वीजपुरवठ्यातून आलेला विद्युतदाब (व्होल्टेज) इन्व्हर्टरमध्ये उच्च वारंवारतेचा होतो, तेथून तो तेलाच्या टाकीतल्या ट्रान्सफॉर्मर आणि दाब पायरीपायरीने वाढवणाऱ्या मल्टिप्लायरमध्ये जातो, आणि शेवटी जाड केबलमधून ट्यूबच्या कॅथोडपर्यंत, म्हणजे ऋण टोकापर्यंत, पोहोचतो. या मल्टिप्लायरची रचना मुळात कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली अणुकेंद्रक फोडण्याच्या प्रयोगासाठी वापरली, तीच आहे. उच्च दाब असा एकाच टोकाला देणाऱ्या या एकध्रुवी यंत्रांत अॅनोड, म्हणजे धन टोक, जमिनीशी जोडलेला असतो आणि म्हणूनच त्याच्यातून साधे पाणी खेळवून तो थंड ठेवता येतो. ३२० किंवा ४५० किलोव्होल्टच्या द्विध्रुवी यंत्रांत अॅनोडही उच्च दाबावर असल्यामुळे तेथे पाण्याऐवजी तेल लागते. हा फरक ध्यानात न घेता एका यंत्राचा अनुभव दुसऱ्याला लावणारे लोक मी पाहिले आहेत.

पडद्यावर येणारा संदेश कोणता संरक्षक जागा झाला एवढेच सांगतो; तो का जागा झाला हे सांगत नाही. ‘केव्ही फॉल्ट’ याचा अर्थ मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मोजलेला दाब यांत अंतर पडले, इतकाच. ते अंतर ट्यूबमधल्या ठिणगीमुळे पडलेले असेल, प्लगमधल्या गळतीमुळे असेल, टाकीच्या आत असेल किंवा मोजणाऱ्या सर्किटमध्येच असेल. म्हणून संदेश वाचून झाल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा की हे नेमके कधी होते: दाब चढताना, पूर्ण दाबावर स्थिरावल्यानंतर, विद्युतप्रवाह वाढवताना, की कधीही? सकाळी, की दुपारी? सुट्टीनंतर, की रोज?

याचे मला सर्वांत बोलके वाटलेले उदाहरण चाकण परिसरातल्या अॅल्युमिनियम कास्टिंगच्या एका कारखान्यातले आहे. जुलै महिना होता. तक्रार अशी की १६० किलोव्होल्टचे यंत्र १२० च्या पुढे गेले की ट्रिप होते (आपोआप बंद पडते), पण दुपारनंतर तेच यंत्र पूर्ण दाबावर बिनतक्रार चालते. ट्यूब जुनी झाली आहे, तिच्यातली निर्वात स्थिती बिघडली आहे आणि ती गरम झाल्यावरच चालते, असा तेथील मेन्टेनन्स विभागाचा निष्कर्ष होता. वरवर पाहता तो तर्कशुद्धही होता, कारण बराच काळ बंद राहिलेल्या ट्यूबमध्ये वायूचे अंश सुटतात आणि तिला कमी दाबापासून हळूहळू चढवत न्यावे लागते. यालाच आपल्याकडे वॉर्मअप किंवा सीझनिंग म्हणतात.

लॉगबुक पाहिल्यावर मात्र दोन गोष्टी त्या तर्कात बसेनात. पहिली अशी की बहुतांश ट्रिप शुक्रवारी सकाळच्या होत्या. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शुक्रवार म्हणजे यंत्र चोवीस तासांहून अधिक बंद राहिल्यानंतरचा दिवस. येथपर्यंत ट्यूबवरचा संशय टिकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती: सीझनिंग पुन्हा पुन्हा केल्यावर ट्रिपचा दाब वर जाण्याऐवजी खाली येत होता. आधी १३५ वर, मग १२८ वर, मग १२० वर. ट्यूबमधल्या वायूमुळे ठिणगी पडत असेल तर प्रत्येक ठिणगीगणिक परिस्थिती सहसा सुधारते, कारण ट्यूबच्या आतले पृष्ठभाग स्वच्छ होत जातात आणि सुटलेला वायू शोषला जातो. रबर, ग्रीस किंवा तेल यांसारख्या विद्युतरोधकात ठिणगी पडली तर ती आपल्यामागे कार्बनची रेघ सोडून जाते, आणि पुढची ठिणगी त्याच रेघेवरून आणखी कमी दाबाला जाते. सुधारणारा बिघाड आणि बिघडत जाणारा बिघाड यांतला हा फरक मला अनेक महागड्या मोजमापांपेक्षा उपयोगी वाटतो, आणि त्यासाठी लागते ती फक्त प्रत्येक ट्रिपचा दाब लिहून ठेवण्याची सवय.

त्यानंतरचे काम टाकीपासून ट्यूबपर्यंतच्या साखळीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा तपासण्याचे होते. फिलामेंट, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणारी कॅथोडची तार, बंद ठेवून नुसता दाब चढवला, तरीही यंत्र ट्रिप झाले. म्हणजे भार वाढल्यामुळे इन्व्हर्टर दमतो आहे ही शक्यता संपली. मग केबल ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीपासून काढून त्या जागी निर्मात्याचा बंद टेस्ट प्लग बसवला आणि टाकी एकटी चालवून पाहिली. ती पूर्ण दाबावर शांत राहिली. म्हणजे दोष केबलमध्ये, तिच्या प्लगमध्ये किंवा ट्यूबमध्ये. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे: केबलचे दुसरे टोक हवेत मोकळे ठेवून दाब देऊन पाहण्याचा प्रकार कोणीही कधीही करू नये. प्लगचे रबर केवळ खोबणीत घट्ट बसलेले असतानाच तो दाब अडवू शकते. शिवाय ही केबल स्वतःच एक मोठा कपॅसिटर असते. मुख्य वीज बंद केल्यावरही तिच्यात विद्युतभार उरतो. म्हणून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबून, प्लग बाहेर काढता क्षणी त्याचे टोक जमिनीशी जोडलेल्या धातूला टेकवणे हा नियम आहे, आणि हे सारे काम प्रशिक्षित सेवा अभियंत्याचेच आहे.

ट्यूबच्या बाजूचा प्लग काढला तेव्हा शंकूच्या आकाराच्या रबरावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी उमटलेली होती, आणि फ्लँजच्या (जोडणीच्या कडेच्या) बाजूचे सिलिकॉन ग्रीस सुकून बाजूला सरकले होते. आवळणारी रिंग सैल होती. आतल्या काठावर चक्क ओलावा जाणवत होता. बिघाड सापडला, पण कारण सापडले नव्हते, कारण सैल रिंग एवढ्याने आत पाणी कसे येणार?

त्याचे उत्तर ट्यूबचे पाणी थंड करणाऱ्या चिलरच्या सेटिंगमध्ये होते. चिलर १६ अंशांवर लावलेला होता. चौकशी केली तेव्हा कळले की मे महिन्यात चिलरच्या कंडेन्सरमध्ये फाउंड्रीची धूळ भरल्यामुळे पाणी तापत होते, यंत्र तापमानाच्या कारणाने बंद पडत होते, म्हणून कोणीतरी सेटिंग खाली आणले. पुढे कंडेन्सर साफ झाला, सेटिंग मात्र तसेच राहिले. पुण्याच्या पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २४ अंशांवर असतो. त्या हवेत १६ अंशांचे पाणी खेळवलेला ट्यूबचा धातू घामेजणारच. सुट्टीच्या दिवशी कॅबिनेटचा एअर कंडिशनर बंद असल्याने आतली हवाही बाहेरच्याइतकीच दमट होत असे. शुक्रवारी सकाळी ऑपरेटर शिस्तीने आधी चिलर सुरू करी, आणि एक्स-रे सुरू होण्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात, जेव्हा ट्यूबमध्ये उष्णता अजिबात निर्माण होत नव्हती, तेव्हा ट्यूबच्या तोंडावर दव जमत असे. दुपारपर्यंत एअर कंडिशनर हवा कोरडी करी आणि यंत्र ‘बरे’ होई. प्लगचा शंकू बदलला, ट्यूबची खोबणी तंतू न सोडणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, ताजे ग्रीस हवेचा बुडबुडा राहणार नाही अशा पातळ, सारख्या थराने लावले, रिंग आवळली आणि काही तासांनी ग्रीस बसल्यावर पुन्हा आवळली. चिलर २८ अंशांवर नेला. त्या ट्यूबच्या निर्मात्याने आत जाणाऱ्या पाण्यासाठी दिलेल्या मर्यादेत ते तापमान बसत होते. ट्यूब तीच राहिली.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गणित सांगतो. १६० किलोव्होल्ट आणि १० मिलिअँपिअर म्हणजे १६०० वॉट. यांतला जेमतेम एक टक्का क्ष-किरणांत रूपांतरित होतो; उरलेली सारी उष्णता टंगस्टनच्या काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडते आणि ती पाण्यानेच वाहून न्यायची असते. मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल तर आत जाणारे आणि बाहेर पडणारे पाणी यांच्या तापमानात साधारण पावणेसहा अंशांचा फरक पडला पाहिजे. तो फरक ११ किंवा १२ अंश दिसू लागला तर प्रवाह निम्म्यावर आलेला आहे, मग फ्लो स्विच काहीही म्हणो. फ्लो स्विच हा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणारा घटक आहे, आणि शेवाळ किंवा क्षार साचून तो ‘आहे’ या स्थितीत अडकून बसल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. बोअरचे पाणी टाकून चिलर भरण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे; क्षारांचा थर आधी अॅनोडच्या अरुंद मार्गांत बसतो, जेथे तो काढता येत नाही. दोन साध्या थर्मामीटरांनी हे सारे वेळेवर कळते.

विद्युतप्रवाहाच्या, म्हणजे ‘एमए’च्या तक्रारी तुलनेने सरळ असतात. यंत्र दाब देते पण एमए शून्य दाखवते, याचा अर्थ फिलामेंट तापत नाही. दोन फोकस (क्ष-किरण निघण्याचे ठिपके) असलेल्या ट्यूबमध्ये लहान आणि मोठे अशी दोन फिलामेंट असतात आणि केबलमध्ये त्यांची एक तार सामाईक असते. एकच फोकस बंद असेल तर ते फिलामेंट किंवा त्याची स्वतंत्र तार तुटलेली असते. दोन्ही एकदम बंद पडले असतील तर दोन फिलामेंट एकाच दिवशी तुटली असे मानण्यापेक्षा सामाईक तार, प्लगमधली पिन किंवा फिलामेंटचा वीजपुरवठा आधी तपासावा. त्यातही एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी लॉगबुकमध्ये लिहून ठेवण्याजोगी आहे. फिलामेंटचे टंगस्टन हळूहळू उडून जाते, तार बारीक होते, तिचा रोध वाढतो आणि तेवढाच एमए देण्यासाठी तिला पूर्वीपेक्षा कमी प्रवाह लागू लागतो. दर आठवड्याला एकाच ठरावीक दाबाला आणि एमएला फिलामेंटचा प्रवाह नोंदवत गेले तर हा उतार दिसतो, आणि ट्यूब खरोखरच म्हातारी होत आहे की नाही, हे ती बंद पडण्याच्या पुष्कळ आधी समजते. नवी ट्यूब मागवायची तर ती अशा आकड्यांच्या आधारावर मागवावी.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात. इंडक्शन भट्टी आणि एक्स-रे यंत्र एकाच फीडरवर (वीजवाहिनीवर) असतील तर भट्टी सुरू होताना दाब क्षणभर खाली जातो आणि यंत्राचा इन्व्हर्टर ट्रिप होतो. ट्रिपच्या वेळा आणि भट्टीच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्या की प्रश्न सुटतो. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. मग ट्यूबमध्ये पडलेली एखादी साधी ठिणगीही जमिनीत नीट न जिरता नियंत्रण संगणकापर्यंत पोहोचते, आणि तक्रार ‘कॉम्प्युटर हँग होतो’ अशी येते.

आता इंटरलॉक, म्हणजे दरवाजा उघडा असताना क्ष-किरण सुरू होऊ न देणारी व्यवस्था. ‘डोअर ओपन’ हा संदेश दरवाजा बंद असताना येऊ लागला की कारखान्यात ज्या उपायाची कुजबुज सुरू होते त्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. दरवाजाच्या स्विचला तार जोडून तो कायमचा बंद दाखवणे ही दुरुस्ती नव्हे, तो गुन्हा आहे. आपल्या देशात किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्या कामगारासाठी मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. पूर्ण दाबावर चालणाऱ्या ट्यूबच्या थेट झोतात अर्ध्या मीटरवर शरीर आले तर यांतली मोठी मर्यादादेखील काही सेकंदांत ओलांडली जाऊ शकते. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम याबाबत निःसंदिग्ध आहेत, आणि तेथे सवलत मागण्याचीही सोय नसावी असे मला वाटते.

प्रत्यक्षात इंटरलॉकचा बिघाड शोधणे अवघड नसतेच. दरवाजावर दोन स्वतंत्र स्विच असतात आणि सेफ्टी रिले त्या दोघांची स्थिती एकाच वेळी बदलते का, हे पाहत असतो. एक स्विच दुसऱ्याच्या मागे रेंगाळला तर रिले स्वतःला अडकवून घेतो आणि मुख्य वीज बंद-चालू केल्याशिवाय सुटत नाही. ‘बंद करून चालू केले की चालते’ ही तक्रार दरवाजाच्या संदर्भात आली की मी पहिल्यांदा दरवाजाचे रोलर आणि बिजागऱ्या पाहतो. शिशाच्या वजनाने दरवाजा काही मिलिमीटर खाली येतो, एक स्विच काठावर दाबला जातो आणि कंपनाने सुटतो. रिले बदलून हे जात नाही. दरवाजा उचलून बसवावा लागतो. असाच प्रकार धोक्याच्या दिव्याचा. दिव्यातून प्रवाह वाहत नसेल तर एक्स-रे सुरू होऊ नये, अशी व्यवस्था असते, त्यामुळे वीस-पंचवीस रुपयांचा बल्ब गेला तरी यंत्र थांबते, आणि ते तसे थांबणेच बरोबर आहे.

प्रतिमेच्या तक्रारींत माणसे सर्वाधिक गोंधळतात, कारण यंत्र चालू असते आणि तरीही निकालावर विश्वास ठेवता येत नाही. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली पोकळी) आहे की प्रतिमा टिपणाऱ्या डिटेक्टरवर डाग आहे, या प्रश्नाचे उत्तर भाग हलवून मिळते. भाग सरकवला आणि डाग त्याच्याबरोबर सरकला तर दोष भागात आहे. डाग पडद्यावर जागच्या जागी राहिला तर तो डिटेक्टरमध्ये किंवा ट्यूबच्या खिडकीसमोर आहे. या दोघांतला फरक कडांवरून कळतो: फ्लॅट पॅनेलवरचा, म्हणजे सपाट डिटेक्टरवरचा, मृत पिक्सेल किंवा रेघ तीक्ष्ण असते, तर ट्यूबजवळच्या, झोत आखडणाऱ्या कोलिमेटरवर पडलेला अॅल्युमिनियमचा कण प्रचंड मोठा होऊन, धूसर कडांचा ढग म्हणून उमटतो. आधीच्या भागाची पुसट आकृती पुढच्या प्रतिमेत दिसत असेल आणि काही वेळाने विरत असेल, तर ती पॅनेलमध्ये उरलेल्या विद्युतभाराची छाया आहे. जाड आणि पातळ भाग आलटून पालटून तपासताना, विशेषतः पॅनेलच्या उघड्या भागावर थेट झोत पडू दिल्यास, ती ठळक होते.

पुष्कळदा डिटेक्टर निर्दोष असतो आणि केवळ कॅलिब्रेशन शिळे झालेले असते. क्ष-किरण बंद असताना घेतलेली ऑफसेट प्रतिमा पॅनेलच्या तापमानावर अवलंबून असते, म्हणून सकाळी थंड पॅनेलवर घेतलेली ऑफसेट दुपारी उपयोगाची राहत नाही. पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतला फरक भरून काढणारे गेन कॅलिब्रेशन ज्या दाबावर भाग तपासायचे त्याच्या जवळपासच्या दाबावर केलेले असावे. हे झाल्यावरही प्रतिमा मऊ वाटत असेल तर मत देण्यापूर्वी भागावर पेनिट्रामीटर, म्हणजे प्रतिमेची स्पष्टता पाहण्यासाठीची ठरावीक जाडीच्या तारांची पट्टी, ठेवावा. आयएसओ १९२३२-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तारांच्या पेनिट्रामीटरमध्ये डब्ल्यू १० ही तार ०.४० मिलिमीटरची, डब्ल्यू १३ ही ०.२० ची आणि डब्ल्यू १६ ही ०.१० मिलिमीटरची असते. यंत्र बसवले त्या दिवशी अमुक जाडीवर कोणती तार दिसत होती याची नोंद असेल, तर आज ती दिसते की नाही या एका निरीक्षणावर वाद मिटतो. नोंद नसेल तर तो वाद ‘पूर्वी चांगले दिसायचे’ या वाक्यावर येऊन थांबतो, आणि त्याला उत्तर नसते.

दुरुस्ती कोणतीही असो, ट्यूब, तिचे माउंटिंग, कोलिमेटर, दरवाजा किंवा शिशाचे पॅनेल यांपैकी कशालाही हात लागला असेल तर यंत्र उत्पादनाला देण्याआधी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरने संपूर्ण कॅबिनेटभोवती मोजणी झाली पाहिजे. ती पूर्ण दाबावर आणि पूर्ण एमएवर करावी, आणि दरवाजाच्या खालची फट, केबल आत जाण्याची जागा आणि पॅनेलांचे सांधे येथे मीटर सावकाश फिरवावे, कारण बहुतेक मीटरांना प्रतिसाद द्यायला काही सेकंद लागतात. त्याच दिवशी मी ऑपरेटरकडून लॉगबुकमध्ये काही रकाने वाढवून घेतो: आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे तापमान, ठरावीक दाबाला फिलामेंटचा प्रवाह, कॅबिनेटमधली आर्द्रता, आणि ट्रिप झाल्यास तिची वेळ आणि नेमका दाब. पुढच्या फोनला हे आकडे समोर असले की मला गाडी काढण्याआधीच कळते की बरोबर ग्रीसची नळी घ्यायची, दरवाजाचा रोलर घ्यायचा की खरोखरच ट्यूबचे कोटेशन तयार करायचे.